कूलोम ब्लॉकेड: ‘रोध’, ‘नाकाबंदी’ की ‘अटकाव’?

विचारणा: अतिलहान धातूच्या ठिपक्यावर बसलेला इलेक्ट्रॉन विद्युत प्रतिकर्षणामुळे पुढच्याला आत येऊ देत नाही, या परिणामाला ‘कूलोम ब्लॉकेड’ म्हणतात. त्याला मराठीत ‘कूलोम रोध’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर: नको. ‘रोध’ ओहममध्ये मोजतात आणि तो इथे वेगळा लागतोच. बोगदासंधीचा, म्हणजे ज्यातून इलेक्ट्रॉन बोगदन करून पलीकडे जातात त्या पातळ विसंवाहक थराचा, रोध २५.८ किलोओहमच्या बराच वर नसेल, तर इलेक्ट्रॉन बेटावर (दोन संधींमधल्या धातूच्या इवल्याशा ठिपक्यावर) आहे की बाहेर हेच ठरत नाही आणि परिणाम पुसला जातो. ‘कूलोम रोधासाठी संधीचा रोध मोठा हवा’ हे वाक्य लिहून बघा, वाचणारा अडखळणारच.

शिवाय इथे वाट अडवतो तो आधीच आत बसलेला इलेक्ट्रॉन. बेटावर आणखी एक इलेक्ट्रॉन चढवायची ऊर्जा म्हणजे प्रभाराचा वर्ग भागिले धारकतेची दुप्पट. धारकता १०० ॲटोफॅरड असेल तर ही ऊर्जा ०.८ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट येते, म्हणजे तापमानात सुमारे ९ केल्व्हिन. स्वच्छ दिसायला १ केल्व्हिनच्या खालीच जावं लागतं.

दुसरं मत: मग ‘नाकाबंदी’ घ्या. गेटचा (बेटाशेजारच्या नियंत्रक इलेक्ट्रोडचा) व्होल्टेज वाढवत नेला की प्रवाह ठरावीक टप्प्यांवर उघडतो, मिटतो. टप्पा म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रभार भागिले गेटची धारकता. १ ॲटोफॅरडला १६० मिलिव्होल्ट. नाक्यावरून एकेकालाच सोडतात, तसंच हे.

त्यावर: चित्र छान आहे, पण नाकाबंदी कडेकोट वाटते. प्रवाहाच्या आलेखातल्या दोन शिखरांमधल्या दरीतही प्रवाह पाझरतो: एक इलेक्ट्रॉन आत, दुसरा बाहेर, दोन्ही एकाच घटनेत. याला ‘सहबोगदन’ म्हणावं. ‘अटकाव’ कमी-जास्त होऊ शकतो, म्हणून तोच बरा. क्रियापदंही सहज जुळतात: अटकाव होतो, सुटतो, विरतो. ‘अर्ध्या केल्व्हिनला अटकाव ठळक होता, ५ केल्व्हिनला विरत गेला.’

मात्र दरी तळाला टेकली नाही म्हणून लगेच ‘सहबोगदन’ लिहू नका. बऱ्याचदा तारांमधून विद्युत गोंगाट उतरतो आणि तापमापक ५० मिलिकेल्व्हिन दाखवत असला तरी इलेक्ट्रॉन त्याहून गरम असतात. आधी तारांवर गाळण्या बसवा, मग पुन्हा मोजा. शिखर अचानक जागा बदलत असेल, तर जवळच्या ऑक्साइडमध्ये अडकलेला प्रभार हललेला असतो. तिथे ‘अटकाव सुटला’ चुकीचं. ‘शिखर सरकलं’ म्हणा.

विचारणा: ‘मॉट इन्सुलेटर’लाही ‘अटकाव’ लावायचा का?

उत्तर: तिथे ‘मॉट विसंवाहक’च ठेवा, कारण ते पदार्थाच्या जातीचं नाव आहे. निकेल ऑक्साइड साध्या पट्टसिद्धांताच्या (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा पट्टांमध्ये मांडणाऱ्या सिद्धांताच्या) हिशेबाने वाहक ठरायला हवं, पण ते तसं नाही, याकडे द बूर आणि फेरवे या संशोधकांनी १९३७ मध्ये लक्ष वेधलं. एकाच अणूवर दोन इलेक्ट्रॉन आणण्याची किंमत पट्टाच्या रुंदीपेक्षा मोठी, म्हणून ते जागीच थिजतात. पट्टभेदामुळे (दोन पट्टांमधल्या ऊर्जेच्या फटीमुळे) झालेल्या विसंवाहकाला मात्र ‘पट्ट-विसंवाहक’ म्हणा. नुसतं ‘विसंवाहक’ लिहिलं तर कारण कोणतं ते कळत नाही.