कास, अजिंठा आणि रात्रीचा दशावतार: एकच छोटा कॅमेरा घ्यायचा तर कोणता?

पायवाट

नमस्कार. कमरेच्या पाऊचमध्ये मावेल आणि लेन्स बदलायची भानगड नसेल असा कॅमेरा हवा आहे. कामं तीन: सप्टेंबरमध्ये कासचं पठार, हिवाळ्यात अजिंठा-वेरूळ आणि त्याच सुमारास सिंधुदुर्गातल्या जत्रांमधला दशावतार. दशावताराचा व्हिडिओ करायचा आहे, तोही प्रेक्षकांत बसून. फोटो आणि व्हिडिओ साधारण निम्मे-निम्मे.

पाहिलेली मॉडेलं: सोनी आरएक्स१०० मार्क ७, सोनी झेडव्ही-१ आणि कॅनन जी७ एक्स मार्क ३. आरएक्सला २४ ते २०० मिमी झूम असल्यामुळे कल तिकडे आहे. तो बरोबर आहे का? फोन चांगला असताना या कॅमेऱ्यांनी खरोखर किती फरक पडेल? वापरलेला कॅमेराही चालेल.

छायाप्रकाश

झूमच्या आकड्याआधी तुमच्या तिन्ही कामांत सगळ्यात कमी उजेड कुठे आहे ते बघा. तो दशावतारात आहे, आणि तिथे आरएक्स१०० मार्क ७ मागे पडतो.

तिन्ही कॅमेऱ्यांत सेन्सर एकाच मापाचा आहे, १३.२ × ८.८ मिमी. फरक लेन्सचा: मिमीचा आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं, एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो. झेडव्ही-१ची लेन्स २४-७० मिमी, एफ १.८ ते २.८. कॅननची २४-१०० मिमी, तीही एफ १.८ ते २.८. आरएक्सची सुरुवातच एफ २.८ पासून होते, ७० मिमीला ती एफ ४ वर असते आणि २०० मिमीला एफ ४.५ वर.

व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवावं लागतं, म्हणजे हातात उरतात अ‍ॅपर्चर (एफचा आकडा) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता). ज्या रंगमंचाला झेडव्ही-१ ७० मिमीवर आयएसओ १६०० मागेल, तिथे आरएक्स ३२०० मागेल, आणि २०० मिमीला ४००० च्या आसपास. या मापाच्या सेन्सरवर ३२०० च्या पुढे काळ्या भागांतला तपशील पुसट व्हायला लागतो. दशावतारातल्या संकासुर या पात्राचा काळा वेश नेमका तिथेच मार खातो.

७० मिमी पुरेल का, याचा हिशोब सोपा आहे. १५ मीटरवरून ७० मिमीला साधारण साडेसात मीटर रुंदी दिसते, म्हणजे पूर्ण रंगमंच आणि बाजूचे वादकही. ८ मीटरवर बसलात तर चार मीटर. २०० मिमीला १५ मीटरवरून पावणेतीन मीटर, म्हणजे एक पात्र. एका पात्राचा चेहरा हवाच असेल तर पुढे बसणं हा स्वस्त उपाय आहे.

कासला मात्र झूम खरंच उपयोगी. झेडव्ही-१ आणि कॅनन २४ मिमीला ५ सेंमीपर्यंत फोकस करतात, पण तिथे फुलांजवळ जायचं तर ताटव्यात पाय टाकावा लागेल, आणि ते करायचं नाही. आरएक्स २०० मिमीला १ मीटरवरून फोकस करतो, त्यामुळे वाटेवर उभं राहून वीतभर उंचीची सीतेची आसवं ही फुलं फ्रेमभर मिळतात. कास आणि दशावतार यांतलं कुठलं काम तुम्हाला जास्त महत्त्वाचं, यावर निवड ठरेल. माझं मत दशावताराच्या बाजूने, कारण कासला भरपूर उजेड असतो आणि फोनची टेलिलेन्सही बरंच भागवते.

फोनबद्दल: चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरचं क्षेत्रफळ ७० चौ. मिमीच्या आसपास असतं, या कॅमेऱ्यांचं ११६. फरक दीडपटीहून थोडा जास्त, तोही फोन अनेक फ्रेम एकत्र करून फोटोत भरून काढतो. त्यामुळे २४ मिमीच्या साध्या फोटोत फार अंतर दिसणार नाही. रात्रीच्या व्हिडिओत फोनला तेवढ्या फ्रेम जुळवायला वेळच नसतो आणि टेलिलेन्समागचा सेन्सर बहुधा बराच लहान असतो. तिथे कॅमेरा स्पष्ट पुढे जातो.

तिसरी घंटा

दशावताराच्या चित्रीकरणात बहुतेक व्हिडिओ दिव्यांच्या थरथरीमुळे वाया जातात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. कॅमेरा ३० फ्रेम आणि १/६० वर राहिला की चित्रावरून आडवे पट्टे सरकत राहतात, आणि ते नंतर काढणं जवळपास अशक्य. सोनीत एनटीएससी/पीएएल (व्हिडिओची दोन मानकं) या निवडीत जाऊन पीएएल करा, म्हणजे २५ आणि ५० फ्रेमचे पर्याय येतात. हे बदलताना कॅमेरा कार्ड फॉरमॅट करायला सांगतो, म्हणून घरीच उरकून घ्या. रंगीत एलईडी पारचा (रंगमंचावरच्या गोल दिव्यांचा) लुकलुकाट वेगळ्याच गतीचा असू शकतो. नाटक सुरू व्हायच्या आधी एक मिनिटाचा तुकडा काढून मोठा करून बघा आणि पट्टे दिसले तर १/५० व १/१०० यांतलं जे बरं दिसेल ते ठेवा.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको. दिवे लाल-निळे झाले की कॅमेरा रंग दुरुस्त करत बसतो आणि रंगवलेल्या चेहऱ्यांचे रंग प्रवेशागणिक बदलतात. केल्विनमध्ये (प्रकाशाच्या रंगाचं माप) एकच आकडा ठरवा आणि रात्रभर तोच ठेवा.

आवाज: हार्मोनियम, मृदंग, झांज आणि वर लाउडस्पीकर. ऑटो लेव्हलवर झांज वाजली की त्यानंतर येणारा संवाद दबतो. लेव्हल हाताने ठेवा, सगळ्यात मोठा आवाज −१२ डीबीच्या जवळपास राहील अशी. बाहेरचा माइक तिन्ही कॅमेऱ्यांना लावता येतो, पण माइक बसवायला वरची खाच (हॉट शू) फक्त झेडव्ही-१ला आहे. बाकी दोघांना वेगळी पट्टी लागते.

एक सांगायचं राहतंच: नाटक कंपनीच्या मालकांना आधी विचारा आणि फ्लॅश कुठल्याही परिस्थितीत नको.

पायवाट

खूप उपयोगी. मग झेडव्ही-१ की कॅनन? आणि प्रयोग दोन-तीन तास चालतो, तेवढा वेळ हे छोटे कॅमेरे टिकतील का?

घाटमाथा

सलग दोन तास ४के यातला कुठलाही करणार नाही. कॅनन ४केचा तुकडा ९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबवतो, फुल एचडीचा २९:५९ वर. झेडव्ही-१मध्ये 'ऑटो पॉवर ऑफ टेम्प' ही सेटिंग 'हाय' करा, नाहीतर तापल्यावर लवकर बंद होतो. कॅमेरा ट्रायपॉडवर आणि स्क्रीन बाहेर वळवलेली ठेवली तर उष्णता जरा निघून जाते.

लांब प्रवेशांना फुल एचडी ५० फ्रेम, निवडक युद्धनृत्याला ४के, अशी विभागणी करा. झेडव्ही-१चं ४के १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी खातं, फुल एचडी ५० एमबीपीएसला साडेबावीस. १२८ जीबीची दोन कार्डं घ्या, त्यांवर व्ही३० किंवा निदान यू३ ही वेगाची खूण हवी. नवीन कार्ड संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. बनावट कार्ड सुरुवातीला नीट चालतं आणि खरी क्षमता संपली की पुढचं सगळं बिघडवतं.

बॅटरी ही मोठी अडचण. झेडव्ही-१ची एनपी-बीएक्स१ फक्त १२४० एमएएच आहे. थांबत-थांबत चित्रण केलं तर पाऊण तास धरा. चार बॅटऱ्या घ्या, किंवा यूएसबीने पॉवरबँक जोडून चालवा. कॅननला मात्र साधी पॉवरबँक चालत नाही, यूएसबी पीडी (जास्त शक्ती देणारी) लागते. विमानाने जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच.

फोकसमुळे मी झेडव्ही-१ सुचवेन. त्यात फेज डिटेक्शन (फोकस कुठल्या दिशेला हलवायचा ते थेट ओळखणारी पद्धत) आहे. कॅनन कॉन्ट्रास्टवर फोकस करतो, त्यामुळे अंधारात पात्र हललं की पुढे-मागे चाचपडत राहतो. बदल्यात झेडव्ही-१ला व्ह्यूफाइंडर नाही आणि कासच्या उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही. झेडव्ही-१ मार्क २ घेऊ नका: लेन्स १८-५० मिमीची आहे, लांब टोकाला एफ ४, शिवाय ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणि फेज डिटेक्शन दोन्ही काढलेलं आहे.

दिवसाच्या व्हिडिओला झेडव्ही-१मधला ३ स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड आठपट कमी करणारा) चालू करा. भर उन्हात आयएसओ १२५ आणि एफ ८ ला शटर १/५०० येतं, एनडीने ते १/६० च्या आसपास उतरतं. आरएक्स१०० मार्क ७मध्ये हा फिल्टरच नाही.

छायाप्रकाश

अजिंठ्याचं थोडं. फ्लॅशला बंदी आहे आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. चित्रं मुख्यतः १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत आहेत, आणि उजेड बेताचा. २४ मिमी, एफ १.८, शटर १/३०, रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल), आयएसओ १६०० पर्यंत. कोपर छातीला टेकवून तीन-चार फोटो सलग काढा. पहिला बटण दाबण्याने हलतो, मधला बहुतेक वेळा स्पष्ट येतो. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी.

वापरलेला घेणार असाल तर दुकानातच हे करा. झूम दहा वेळा पूर्ण आत-बाहेर करून आवाज ऐका. करकर आली तर नळीत वाळू आहे, आणि पुढे 'लेन्स एरर' ठरलेला. मग एफ ११ ला रिकाम्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून बघा. करडे गोल ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्स निघत नसल्याने ती साफ करायला कॅमेरा खोलावा लागतो. तिसरं, अ‍ॅपर्चर उघडं ठेवून लेन्समध्ये तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, तसा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

कोकणात नेल्यावर ही बुरशी तुमच्याही कॅमेऱ्याला होऊ शकते. झूमची नळी बाहेर येताना दमट हवा आत ओढते. एसी गाडीतून उतरताना कॅमेरा बंद झिपपिशवीतच ठेवा आणि अर्ध्या तासाने काढा, म्हणजे काचेवर दव धरत नाही. घरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर एक-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं.