चार्टर शाळा आठवीपर्यंत वाढवायची, पण पैसे कोणाच्या वर्गातून जाणार?

मिडलसेक्सकर (धागाकर्ता)

आपल्या न्यू जर्सीच्या ग्रुपवर काल फिरलेली पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही. तिथे चार ओळींत उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितोय. पोस्टचा सारांश असा: आपल्या टाऊनशिपमधली चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र मंडळ चालवतं ती; प्रवेश लॉटरीने) सध्या पाचवीपर्यंत आहे, ती आठवीपर्यंत करायचा आणि जागा वाढवायचा अर्ज राज्याच्या राजधानीला, ट्रेंटनला गेलाय, सगळ्यांनी पाठिंब्याची पत्रं पाठवा. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: "विरोध करणाऱ्यांना फक्त घरांच्या किमती सांभाळायच्या आहेत, मुलांशी त्यांना काही घेणंदेणं नाही."

मला घेणंदेणं आहे. माझी दोन्ही मुलं डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावच्या निवडून दिलेल्या बोर्डाच्या सरकारी शाळेत आहेत आणि गेली चार वर्षं मी बजेटच्या प्रत्येक सभेला जाऊन बसतो. न्यू जर्सीच्या १९९५ च्या कायद्याप्रमाणे मूल चार्टरला गेलं की सूत्राने काढलेल्या प्रति-विद्यार्थी रकमेचे नव्वद टक्के डिस्ट्रिक्टने चार्टरला द्यायचे. कागदावर हे सरळ दिसतं. पण समजा शंभर मुलं गेली, तर ती काही एका वर्गातून उठून जात नाहीत. चार-पाच इमारतींतून, नऊ इयत्तांतून थोडी थोडी जातात. दुसरीच्या वर्गात चोवीसची बावीस होतात. बाई तेवढ्याच लागतात, बस तेवढीच धावते, बॉयलरही तेवढंच जळण खातो. बरं, टॅक्स लेव्ही, म्हणजे शाळांसाठी घरांवर बसवलेला एकूण कर, काही अपवाद सोडले तर वर्षाला दोन टक्क्यांच्या वर नेता येत नाही. मग कात्री कुठे लागते? आमच्याकडे चौथीची तंतुवाद्यं गेली. मुलीचं भाड्याचं व्हायोलिन ऑगस्टमध्ये दुकानात परत देऊन आलो. पेटीवर तिने स्वतःच्या नावाचं स्टिकर लावलं होतं, ते काउंटरवर उभं राहून नखाने खरवडून काढलं.

आणि हे ठरवतो कोण? राज्याचा शिक्षण आयुक्त. गावाने निवडून दिलेल्या बोर्डाने फक्त आक्षेप लिहून पाठवायचे. प्रिन्स्टनला हेच झालं. तिथल्या ३४८ मुलांच्या चार्टर शाळेने आणखी ७६ जागा मागितल्या, वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर बोजा पडेल म्हणून डिस्ट्रिक्टने कडाडून विरोध केला, आणि २०१७ मध्ये मंजुरी मिळाली.

सई_एनजे

ती पोस्ट मी लिहिली नाही, पण पाठिंब्याचं पत्र मी पाठवलंय, तेव्हा उत्तर द्यायला हवं.

दादा, तुम्ही घर घेतलंत तेव्हा शाळेचं रेटिंग बघूनच घेतलंत ना? आम्ही अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहतो, ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. ज्या झोनमध्ये भाडं परवडतं त्याच झोनची शाळा मुलाला मिळते. याला तुम्ही सरकारी शाळा म्हणता, मी म्हणते घराच्या किमतीत गुंडाळलेली फी.

चार्टरची लॉटरी मार्चमध्ये झाली, आमचा नंबर प्रतीक्षायादीत खूप खाली होता. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पटेल ब्रदर्समध्ये कोथिंबीर निवडत असताना फोन आला, जागा आहे, उद्या दुपारपर्यंत कळवा. मी जुडी तिथेच ठेवून बाहेर आले. ती शाळा एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत भरते. मैदान नाही, डबा वर्गातच खातात. इमारतीसाठी तुमच्या डिस्ट्रिक्टसारखे बाँड काढून पैसे उभे करता येत नाहीत, चालू खर्चातूनच भाडं भरायचं. तरी माझा न बोलणारा मुलगा तिथे तिसरीत वर्गासमोर उभा राहून बोलला. आता पाचवी संपली की त्याने ते सगळं सोडून सहावीला हजार मुलांच्या मिडल स्कूलला जायचं. तीन वर्षं त्याच शाळेत काढू द्या एवढीच मागणी आहे. तुमच्या व्हायोलिनचं मला वाईट वाटलं, पण ते माझ्या मुलाने नेलेलं नाही.

मिडलसेक्सकर

मुलाने नेलं असं मी कुठेच म्हटलेलं नाही. आणि घर "रेटिंग बघून" घेतलं हे तुम्हाला कोणी सांगितलं? अकरा वर्षं भाड्याने राहून मग घेतलंय.

बोस्टन_मधू

दोघेही जरा थांबा, आमच्याकडचा अनुभव सांगतो. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१६ ला दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न मतपत्रिकेवर होता: दरवर्षी बारा नव्या चार्टर शाळा किंवा विस्तार मंजूर करावेत का? सुमारे ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. मी होय म्हटलं होतं, आणि शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

माझ्या होयला कारण होतं. एमआयटीच्या जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक वगैरे मंडळींनी लॉटरीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं यांची तुलना केली. घरचं प्रोत्साहन दोन्हीकडे सारखंच, कारण अर्ज दोघांनीही भरलेला. बोस्टनच्या चार्टरमधली मुलं स्पष्टपणे पुढे गेली. सई, तुम्हाला हे वाचून बरं वाटेल. पण त्याच मंडळींच्या कामात पुढे असंही आहे की शहराबाहेरच्या, सबर्बमधल्या चार्टर शाळांत तो फायदा दिसत नाही, काही ठिकाणी उलटच दिसतो. तुमच्याकडच्या न्यूअर्क शहरात सरकारी खर्चाने शिकणारी जवळपास एक तृतीयांश मुलं चार्टरमध्ये आहेत, तिथला युक्तिवाद उचलून तुमच्या सबर्बन मिडलसेक्स काउंटीत लावता येणार नाही.

सई_एनजे

संशोधन सरासरीचं असतं. माझा मुलगा सरासरी नाही.

मास्तरीण

मी डिस्ट्रिक्टमध्ये स्पेशल एज्युकेशन शिकवते, सतरा वर्षं. कोणत्याही शाळेचं नाव घेणार नाही.

वर्ग वाढवायचे म्हटलं की सगळे विचारतात, नवीन किती घेणार. मी विचारते, वर्ष मध्यावर आलं असताना एक मूल गेलं तर त्याच्या जागी कोणाला घेणार का? सहावीत, सातवीत रिकाम्या झालेल्या जागा भरायच्याच नाहीत असं धोरण असेल तर आठवीपर्यंत पोचलेला वर्ग गाळून आलेला असतो, आणि मग त्या वर्गाच्या मार्कांची जाहिरात होते. मॅसॅच्युसेट्सच्या २०१० च्या कायद्यात जागा भरण्याचं बंधन आहे, पण तिथेही वरच्या अर्ध्या इयत्तांना सूट आहेच.

मागे एका फेब्रुवारीत माझ्याकडे एक मुलगा आला. चार्टरमधून. आईवडिलांना सांगितलं होतं की "आमच्याकडे याच्यासाठी योग्य सोय नाही." पहिले तीन दिवस तो टेबलाखाली बसला. गळ्यात अजून त्या शाळेचा निळा टाय. डिस्ट्रिक्टमध्ये युनिफॉर्म नाही, टायची गरज नाही, हे त्याला सांगूनही तो सोडेना. चौथ्या दिवशी मी खाली जाऊन त्याच्या शेजारी बसले. आमच्याकडे "सोय नाही" म्हणायची सोय नसते. आणि एखाद्या मुलाला बाहेरच्या खास शाळेत ठेवावं लागलं, तर ते मूल चार्टरच्या पटावर असलं तरी ती फी राहत्या गावच्या डिस्ट्रिक्टनेच भरायची.

सई_एनजे

ताई, एका मुलावरून सगळ्या चार्टरवर शिक्का मारताय. माझ्या मुलाच्या वर्गात आयईपी (विशेष गरजांसाठी आखलेली वैयक्तिक शिक्षण योजना) असलेली मुलं आहेत आणि त्यांची बाई वर्गात येते. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या शाळेने माझ्या मोठीचं मूल्यमापन करायला किती महिने लावले ते इथे लिहू का?

मास्तरीण

लिहा. मी नाकारणार नाही. मुदती आमच्याकडेही चुकतात, आणि त्याची मला लाज वाटते.

कोल्हापुरी_ठसका

इथे लॉटरी तरी सरळ आहे म्हणून खरंतर आनंद माना. आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्क्यांची लॉटरी बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेने २५ टक्के जागा द्यायला नकोत. जुलैमध्ये हायकोर्टाने तो बदल रद्द केला, पण तोवर जून गेला होता. पुण्यात आईकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या नातवाचा नंबर त्याच गोंधळात अडकला. मावशी रोज विचारायच्या, "ताई, मोबाईलवर आलं का काही?"

देवरुखकर

ठसका, विषय काढलाच आहे तर पूर्ण बोलू. २५ टक्क्यांना सगळे टाळ्या वाजवतात. पण सरकार खाजगी शाळेला त्या मुलांची प्रतिपूर्ती देतं आणि झेडपीच्या शाळेचा पट कमी होतो. मिडलसेक्सकर जे म्हणतायत तेच हे: पैसा मुलामागे गेला, शाळा मागे राहिली. त्यात २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर गावोगाव इंग्रजी मिडियमच्या पिवळ्या गाड्या फिरायला लागल्या.

माझी आई झेडपीची शिक्षिका होती. आमची शाळा सातवीपर्यंत. सप्टेंबरअखेर संचमान्यतेचा पट मोजायचे तेव्हा आई वाडीत घरोघर जायची, एखादं मूल मुंबईला चाकरमान्यांकडे गेलंय का बघायला. एक मूल कमी म्हणजे एक शिक्षक कमी होण्याची भीती. शेवटी पाचवी ते सातवी गेलीच. शाळा चौथीपर्यंत उरली. वरच्या वर्गाच्या मुली पऱ्या (ओढा) ओलांडून पलीकडच्या गावात जायच्या. पावसात पऱ्याला पाणी चढलं की घरी. दोघींचं शिक्षण तिथेच संपलं, एक माझी चुलतबहीण. १५ मार्च २०२४ च्या जीआरप्रमाणे तर सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की तिथे शिक्षकच नाही. वरचे वर्ग असणं-नसणं ही चैन नव्हे, हे सईंना माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं.

कोल्हापुरी_ठसका

म्हणजे मावशींच्या नातवाने झेडपीचा पट टिकवायला झेडपीतच बसायचं? तुम्ही स्वतः कुठे शिकलात पुढे?

देवरुखकर

आठवीपासून रत्नागिरीला. मामाकडे राहून.

कोल्हापुरी_ठसका

बघा. ज्याला मामा होता तो निघाला. मावशींच्या नातवाला मामा नाही, त्याला लॉटरी आहे.

देवरुखकर

जिला मामा नव्हता तिचं नाव मी वर लिहिलेलं नाही, पण मी तिच्याबद्दलच बोलतोय. घरातल्या गोष्टीवरून मला पकडू नका, पातळी सोडू नका. झेडपीची शाळा चांगली केली तर माणसं उलट दिशेने येतात. शिरूरच्या वाबळेवाडीला बाहेरगावचे पालक प्रवेशासाठी रांगा लावत होते. खेडच्या जालिंदरनगरच्या शाळेला २०२५ मध्ये जागतिक पातळीवरचा पुरस्कार मिळाला, आणि ती झेडपीचीच. लॉटरीची गरज लागते कारण बाकीच्या शाळा आपण सोडून दिल्यात.

कोल्हापुरी_ठसका

दोन शाळांची नावं सगळेच घेतात, बाकीच्या गावांत काय? जाऊ द्या. मामाचं बोललो ते बोलायला नको होतं.

चिमणराव_नव्हे

मूळ धागा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास होता, आपण देवरुखात पोचलो.

मिडलसेक्सकर

पोचू द्या, त्या पऱ्याने मला जे सांगितलं ते बजेटच्या चार सभांनी नाही सांगितलं. मी वरच्या वर्गांकडे फक्त खर्च म्हणून बघत होतो. सहावीला शाळा बदलावी लागणं म्हणजे काय, हे सईंनी पहिल्याच उत्तरात लिहिलं होतं, मी ते वाचून पुढे गेलो.

तरी माझा विरोध अजून आहे. मागे घेतो तो एवढाच की "विस्तार नकोच" असं पत्र मी आयुक्तांना पाठवणार नाही. अटी लिहून पाठवणार. सहावीला नव्या मुलांसाठी खुला प्रवेश, आठवीपर्यंत प्रत्येक रिकामी जागा प्रतीक्षायादीतून भरायची, आणि प्रिन्स्टनने केली तशी कमी उत्पन्नाच्या घरांना जास्त संधी देणारी लॉटरी. शिवाय सगळे वर्ग एकदम न वाढवता वर्षाला एक, म्हणजे डिस्ट्रिक्टला शिक्षक निवृत्त होतील तसं जुळवून घेता येईल.

मास्तरीण

दुसरी अट सगळ्यात वर घ्या. बाकी काही मिळालं नाही तरी ती मिळायला हवी.

बोस्टन_मधू

चौथी अट ते मान्य करतील असं वाटत नाही. भाड्याची जागा एकदम घ्यावी लागते, वर्षाला एक खोली कोणी देत नाही.

सई_एनजे

पहिल्या तीन अटींखाली माझी सही घाला. लॉटरीत कमी उत्पन्नाला जास्त संधी दिली तर पुढच्या वर्षी माझ्या धाकट्याची बाहेरून लागायची शक्यता कमी होते, हे मला कळतंय. भावंडांचं प्राधान्य मात्र काढू नका, दोन मुलं दोन शाळांत नेऊन सोडायला माझ्याकडे दोन गाड्या नाहीत.

चौथीवर सही करणार नाही. वर्षाला एक वर्ग म्हणजे माझ्या मुलाच्या पुढे दरवर्षी "मंजुरी येणार का" ही टांगती तलवार. ते मी परत नाही सहन करणार. आणि दादा, ग्रुपवरच्या त्या पोस्टमधलं घरांच्या किमतींचं वाक्य काढायला मी लिहिणाऱ्यांना सांगितलंय. अजून काढलेलं नाही, आज संध्याकाळी फोन करते.