आयोडीनचं अर्धायुष्य 8 दिवस, मग आईनं नातवाला कडेवर कधी घ्यायचं?

नंदनवनकर:
आईची थायरॉइडची गाठ कर्करोगाची निघाली. ऑपरेशन झालं, मग आयोडीन-131 चा, म्हणजे किरणं सोडणाऱ्या आयोडीनचा डोस दिला. तीन दिवस एकट्या खोलीत होती, परवा घरी आणली. ताट-पेला, चादर, टॉवेल सगळं वेगळं. ताईचा दोन वर्षांचा पोट्टा दाराशी उभा राहून "आजी, घे" म्हणतो अन् आई पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळते. बघवत नाही. शेजारचे काका म्हणतात, 8 दिवसांत अर्धं, 16 दिवसांत साफ. खरं का?

गॅमा_कॅमेरा_रामदासपेठ:
नाही भाऊ, 16 दिवसांनी पाव उरतं, 24 ला आठवा भाग. 80 दिवसांनी 1024 वा. पण हा बाटलीतल्या आयोडीनचा हिशेब झाला. मी बारा वर्षं न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करते. ग्रंथी काढलेली असली की बहुतेक आयोडीन पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे निघून जातं. म्हणूनच वॉर्डात "पाणी प्या, पाणी प्या" चाललेलं असतं. घरी सोडताना मीटर लावून मोजतात.
तरी लेकरू कडेवर नको. उरल्यासुरल्या पेशी मारायचं काम बीटा किरण करतात, ते जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात. गॅमा मात्र अंगाबाहेर येतात. अंतर दुप्पट केलं की मारा पावपट होतो, म्हणून दारातून बोललेलं चालतं, मांडीवर नाही. किती दिवस, ते डोसवर ठरतं. डिस्चार्जच्या कागदावर असतं, तो शोधा.

धंतोलीचे_सर:
काकांची चूक माझ्या बारावीच्या वर्गात दरवर्षी होते. पुढच्या 8 दिवसांत उरलेल्याचे निम्मे जातात, सगळे नाही. अणू म्हातारा होत नाही. महिनाभर टिकलेला असो की कालचा, आज फुटण्याची शक्यता तेवढीच. स्कॅनला वापरतात त्या टेक्नेशियम-99एमचं अर्धायुष्य 6 तास, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सोळावा भाग.

नंदनवनकर:
कागद एक्स-रेच्या पाकिटात सापडला. लहान मुलांपासून 21 दिवस लांब. तोंडानं कोणी सांगितलंच नव्हतं. ताई, तुमचा दोन दिवसांचा मुद्दा आईला वाचून दाखवला. सगळं अंगातच साचून आहे असं तिला वाटत होतं. आज तिनं तिच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकली. पोट्टा अंगणाच्या त्या टोकाला चेंडू खेळतो, ती इथून टप्पे मोजते.