समुद्राचा हिरवेपणा तेवढाच राहिला, तर परिसंस्था सावरली असे म्हणावे का?

केळीपट्टा, रावेर
मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. परिसंस्थेची सावरण्याची क्षमता समजावताना मी परिसंस्थाशास्त्रज्ञ होलिंग यांची १९७३ मधील मांडणी सांगितली: धक्का बसल्यावर व्यवस्थेतील परस्परसंबंध टिकतात का, हे पाहावे. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की, वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, एक जात जाऊन दुसरी आली आणि उपग्रहाला हरितद्रव्य तेवढेच दिसले, तर बिघडले कुठे? पृथ्वीवरील प्राथमिक उत्पादनाचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषणातून तयार होणाऱ्या अन्नाचा, जवळपास निम्मा वाटा या सूक्ष्मजीवांचा आहे; तो कायम असेल, तर जातींची चिंता कशासाठी करायची? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तापीकाठ, भुसावळ
सर, हरितद्रव्याच्या आकड्यावरून खाणारा कोण आणि त्याला अन्न कधी मिळते, हे कळत नाही. उत्तर समुद्राचे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. तेथे १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे एक यंत्र ओढले जाते आणि त्यातील रेशमी जाळीवर प्लवक गोळा होतात. या दीर्घ नोंदींमुळेच लक्षात आले की, थंड पाण्यातील कॅलॅनस फिनमार्किकस हा प्राणीप्लवक घटत गेला आणि त्याच कुळातील, उबदार पाण्याचा हेल्गोलँडिकस वाढला. पहिला वसंतात भरभरून येतो, दुसरा उन्हाळ्याच्या अखेरीस; कॉड माशाच्या पिल्लांना मात्र अन्न वसंतापासूनच लागते. या प्राणीप्लवकांचे एकूण वजनही घटले होते, तरी वेळ चुकणे हा त्याहून वेगळा आणि सहज न दिसणारा तोटा होता. पेरणी साधली नाही, तर नंतरचा पाऊस कितीही मोजला तरी उपयोग नाही, तसेच हे.

निळी शाई, धुळे
अरबी समुद्राचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. त्याच्या उत्तर भागात हिवाळ्यात डायटम हे कवचधारी सूक्ष्म शैवाल प्रामुख्याने वाढत; अलीकडच्या दशकांत तेथे हिरव्या नॉक्टिल्युका या एकपेशीय प्लवकाचे दाट थर दिसू लागले. हा जीव स्वतःच्या पेशीत हिरवे शैवाल बाळगतो आणि डायटमही खातो. त्याला खाणारे मुख्यतः साल्प व जेलीफिश यांसारखे मऊ, पारदर्शक अंगाचे प्राणी असल्यामुळे, पाणी हिरवेगार दिसूनही ते उत्पादन माशांपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, अशी भीती व्यक्त होते. कारणाबाबत मात्र मतभेद आहेत. कमी ऑक्सिजनचे पाणी वर येण्याशी एका गटाने त्याचा संबंध जोडला, तर भारतीय संशोधकांना ऑक्सिजन भरपूर असलेल्या पाण्यातही हे थर आढळले. वर्तमानपत्री बातम्यांत हा वाद सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

गाळपेर, नंदुरबार
संवर्धनाचा प्रश्न मात्र येथे बाजूला पडतो आहे. प्लवकांभोवती कुंपण घालता येत नाही. ते प्रवाहाबरोबर वाहतात. हाती राहते ते त्यांच्यापर्यंत पोहोचणारे पाणी, आणि त्यात खानदेशाचाही वाटा आहे, कारण तापी अखेर खंभातच्या आखातालाच मिळते. डायटमना कवचासाठी सिलिका लागते. धरणाच्या संथ पाण्यात ती अडकते, तर खतांतील नायट्रोजन धरणाखालच्या नदीत पुन्हा मिसळत राहतो. म्हणजे डायटमचे प्रतिस्पर्धी वरचढ ठरायला वाव मिळतो. डॅन्यूब नदीवरील धरणानंतर काळ्या समुद्रात असेच घडले, असे संशोधकांनी मांडले आहे. उकाई धरणामुळे तापीतही तेच झाले, असे यावरून ठरवू नये. पण केळीच्या ठिबकमधून किती युरिया सोडायचा, हा विषय समुद्राबाहेरचा नाही, एवढे नक्की.

केळीपट्टा, रावेर
सर्वांचे आभार. हतनूरच्या जलाशयात विद्यार्थ्यांकडून प्लवकांच्या नोंदी करून घ्याव्यात का?

तापीकाठ, भुसावळ
अवश्य. जाती गोड्या पाण्यातील असतील, त्यामुळे समुद्राचे निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाहीत. पद्धत मात्र शिकता येईल. जागा, वेळ आणि जाळीच्या छिद्रांचा आकार दर महिन्याला तोच ठेवावा, नमुना टिकावा म्हणून त्यात लुगॉलचे आयोडीन (आयोडीनचे द्रावण) घालावे आणि एकूण संख्येबरोबर प्रत्येक गटाची मोजणी स्वतंत्र लिहावी.