आईबापांना भेटायला कायदा? कन्फ्यूशियसला पटलं असतं का?

रानवारा:
चीनमध्ये १ जुलै २०१३ पासून कायदाच आहे, वेगळं राहणाऱ्या मुलांनी म्हाताऱ्या आईवडिलांना वरचेवर भेटायचं, नाहीतर निदान विचारपूस तरी करायची. मला हे कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी विचारवंताच्या शिकवणीच्या नेमकं उलटं वाटतं. तो म्हणायचा, कायद्याने आणि शिक्षेने लोकांना हाकलं तर लोक शिक्षा चुकवतात पण लाज वाटत नाही. आणि एका शिष्याने आईबापांची सेवा म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, आजकाल खाऊ घातलं की झालं असं समजतात, पण कुत्र्या-घोड्यांनाही आपण खाऊ घालतोच, आदर नसेल तर फरक काय? आई गावी एकटी असते, मी दर महिन्याला पैसे टाकतो आणि फोन राहून जातो, त्यामुळे हे वाक्य फार लागलं मला.

काजवा:
अजिबात पटलं नाही. आदर तुमचा, राबणार कोण? सून. दक्षिण कोरियात कन्फ्यूशियन परंपरेच्या नावाखाली 'होजू' पद्धत टिकवली होती, घराचा प्रमुख होण्याचा मान आधी पुरुषाला, बाप गेला की मुलगा, मग आई घरात असली तरी. २००५ मध्ये तिथल्या कोर्टाने ती घटनाविरोधी ठरवली आणि २००८ ला ती गेली एकदाची, तेही परंपरावाल्यांचा विरोध मोडून. म्हणजे बायकांना जे मिळालं ते कायद्यानेच ना?

रानवारा:
होजूचं मान्य. पण आंधळेपणाने ऐका असं कन्फ्यूशियस म्हणालेला नाही. आईवडील चुकले तर हळुवार समजवा असं आहे.

काजवा:
पुढचं पण लिहा ना. त्यांनी नाही ऐकलं तरी आदर सोडू नका, कष्ट पडले तरी कुरकुर नको. बापाने मेंढी चोरली तर मुलाने झाकावं, हेही त्याचंच. ही शिकवण आजच्या ऑफिसात, राजकारणात आणली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पाणपोई:
मला दोघांचं थोडं थोडं पटतंय. सिंगापूरमध्ये १९९५ च्या कायद्याने साठीच्या पुढचे आईवडील मुलांकडून खर्च मागू शकतात, आपल्याकडे २००७ चा कायदा आहे. औषधाला पैसे नसलेल्या बाईने मुलाच्या मनात आदर जागा होईपर्यंत थांबायचं का?

रानवारा:
खर्चाचा कायदा हवाच, त्यावर वाद नाही. भेटीचा नको. कोर्टाने पाठवलेला मुलगा दारात उभा राहिला तर आई त्याच्याशी बोलेल काय?

काजवा:
आमच्या शेजारच्या आजींना मी हेच विचारलं होतं. म्हणाल्या, तसा आला तरी चालेल गं, चहा टाकीन.