मदत हवी आहे: प्रॉक्समॉक्स क्लस्टरमधून जुने स्टोरेज अँसिबलने काढताना

मंडळी, भोसरीतल्या एका कारखान्याचं तीन नोडचं (एकत्र जोडलेल्या तीन सर्व्हरचं) प्रॉक्समॉक्स क्लस्टर आहे; त्यावर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालतात. नेटवर्कवरून फाइल पुरवणारा जुना एनएफएस सर्व्हर बंद होणार, म्हणून त्याच्या स्टोरेज नोंदी अँसिबलने (सर्व्हरवरची कामं आपोआप करणारं साधन) काढायच्या आहेत. गुरुवारी कारखान्याला सुट्टी, तेव्हाच उरकायचंय.

नोंद काढली तरी डेटा पुसला जात नाही, हे माहीत आहे. स्टोरेजची कॉन्फिग फाइल सगळ्या नोडना सामायिक, म्हणून काढायचं टास्क एकदाच चालवणार. पण माउंट, म्हणजे नोडला झालेली त्या स्टोरेजची जोडणी, आपोआप सुटत नाही. ते प्रत्येक नोडवर वेगळं सोडवावं लागतं, आणि सर्व्हर आधी बंद झाला तर तिथे कमांड लटकतात. म्हणजे क्रम महत्त्वाचा.

खरी भीती संदर्भांची, म्हणजे त्या स्टोरेजचा उल्लेख कुठे राहून गेला तर त्याची. एखाद्या व्हीएमच्या सीडी ड्राइव्हला तिथली आयएसओ (डिस्कची फाइलरूपी प्रत) जोडलेली असेल, तर तो व्हीएम पुढच्या वेळी सुरूच होणार नाही. बॅकअप जॉबचंही तेच. व्हीएम, कंटेनर, स्नॅपशॉट (व्हीएमची जपून ठेवलेली आधीची स्थिती) आणि जॉब तपासून संदर्भ सापडल्यास प्लेबुक (अँसिबलची कामांची फाइल) तिथेच थांबेल, असं कोणी लिहिलंय का? आणि नोंद आधी नुसती डिसेबल करून आठवडाभर ठेवावी का? मला तेच बरं वाटतं, पण मालकांना घाई आहे.