मदत हवी आहे: कंपनी विकली जातेय, ४०१के (नोकरीतलं निवृत्तीच्या बचतीचं खातं) बंद करतायत, सगळ्यावर टॅक्स बसेल का?

न्यू जर्सीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, चाळीसेक माणसं. टेक्सासची एक मोठी कंपनी आमचे सगळे शेअर्स विकत घेतेय. काल एचआरची मेल आली की क्लोजिंगच्या (सौदा पूर्ण होण्याच्या) आदल्या दिवशी आमचा ४०१के प्लॅन टर्मिनेट होणार, मेल तीन पानी आणि मला कळलं एवढंच की कुठेतरी सही करायचीय.

चार वर्षं झालीत, कंपनीच्या मॅचचं (माझ्या बचतीवर कंपनी घालते ते पैसे) व्हेस्टिंग, म्हणजे माझा पक्का हक्क, ६० टक्के आहे, मग उरलेले ४० टक्के गेले का? शिवाय घराच्या वेळी प्लॅनमधून लोन काढलेलं त्यातले १४ हजार डॉलर अजून बाकी आहेत. आणि लंचला एकजण म्हणाला की बोनसमधून ४०१केची कपात व्हायला हवी होती ती पेरोलने दोन वर्षं केलीच नाही, म्हणून आयआरएस (टॅक्स खातं) प्लॅनचा क्वालिफाइड दर्जा, म्हणजे टॅक्सची सवलत, काढून घेणार नि सगळ्यांनाच टॅक्स लागणार. तेव्हापासून झोप नाही. नवरा म्हणतो आहे तसा प्लॅन नव्या कंपनीत का नाही हलवत? वय ३८.

जुनापेन्शनवाला:
आधी झोपा. प्लॅन टर्मिनेट झाला की त्यातल्या सगळ्यांचं व्हेस्टिंग १०० टक्के होतं, कायदाच आहे, तुमचे ४० टक्के उलट मिळाले.
आदल्या दिवसाचं कारण असं की क्लोजिंग झालं की तुम्ही त्यांच्या ग्रुपमध्ये, त्यांचा ४०१के चालू, मग तो तुमच्या प्लॅनचा वारस धरतात आणि नंतर प्लॅन बंद केला तरी पैसे वाटता येत नाहीत. प्लॅन बंद करायचा बोर्डाचा ठराव एक दिवस चुकला की घोळ.
तुमच्या मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे, दोन प्लॅन एकत्र करता येतात, पण मग ती बोनसची भानगड त्यांच्या प्लॅनलाही चिकटते. त्यांचे वकील कशाला ती ब्याद घरात घेतील? बाकी ती चूक फार कॉमन आहे, कंपनी स्वतःच्या खिशातून भरपाई टाकून दुरुस्त करते, आयआरएसची त्यासाठी रीतसर पद्धत आहे. दर्जा काढून घेणं हे अगदी टोकाचं, मी इतकी वर्षं या कामात होतो, एकदाही पाहिलं नाही.

फ्रिस्कोकर:
सहीचा फॉर्म नीट वाचा!! मी घाईत चेक स्वतःच्या नावाने मागवला, २० टक्के आधीच कापून आले, आणि ६० दिवसांत पूर्ण रक्कम रोलओव्हर करायची (दुसऱ्या निवृत्ती खात्यात टाकायची) तर ते २० टक्के पदरचे घालावे लागले (परत मिळतात, पण रिटर्न भरल्यावर). 'डायरेक्ट रोलओव्हर'वरच टिक करा, पैसे थेट नव्या प्लॅनला किंवा आयआरएला (स्वतः उघडायचं निवृत्ती खातं) जातील.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. आणि लोनचं?

जुनापेन्शनवाला:
राहिलंच. ते तुमच्या बॅलन्समधून वळतं करतील, म्हणजे तेवढे पैसे तुम्ही काढले असं धरतील. तेवढे १४ हजार तुम्ही आयआरएत भरले तर टॅक्स नाही, आणि याला ६० दिवसांची अट नाही, २०१८ पासून त्या वर्षीच्या रिटर्नच्या तारखेपर्यंत मुदत असते, एक्स्टेंशन (रिटर्नला वाढीव मुदत) घेतलं तर ऑक्टोबरपर्यंत. प्लॅनमधून निघालेल्या पैशांचा १०९९-आर फॉर्म येईल, त्यावर अशा लोनसाठीचा एम कोड आलाय ना ते बघा. नाही भरले तर टॅक्स, वर १० टक्के म्हणजे १४०० दंड. पण आधी विचारा, काही कंपन्या लोनसकट रोलओव्हर घेतात.

धागाकर्ती:
विचारलं. एचआर म्हणते टेक्सासला विचारून सांगते. क्लोजिंग शुक्रवारी आहे.